परवानगी कोणी कोणाकडे मागायची?

हातात मोबाइल असलेला प्रत्येक माणूस आता छायाचित्रकार झाला आहे. त्यामुळे बसस्थानकावर, आठवडी बाजारात, तहसील कचेरीच्या आवारात, रस्त्याच्या कामावर एक प्रसंग वारंवार घडू लागला आहे. कोणी तरी फोटो काढतो आणि दुसरा कोणी तरी पुढे येऊन त्याला हटकतो, ‘‘कोण गावचे हो तुम्ही? फोटो कशाला काढला? कोणाला विचारून काढला?’’ आवाज चढतात, गर्दी जमते, कधी मोबाइल हिसकावला जातो, कधी हातही उगारला जातो. अशा वेळी काय करावे याबद्दल शहरी छायाचित्रकारांच्या वर्तुळात एक ठरीव उपदेश प्रचलित आहे. सार्वजनिक जागेत छायाचित्र काढण्यास कायद्याची मनाई नाही. तेव्हा डगमगू नये, हसून बोलावे, समोरच्याला गप्पांत गुंतवावे आणि काम साधून निघून जावे, असा तो उपदेश.

आमचा आक्षेप या उपदेशाच्या मुळाशी असलेल्या दृष्टीवर आहे. हटकणारा हा रस्त्याचा गुत्तेदार आहे की त्या रस्त्यावर खडी टाकणारी मजूर बाई आहे, याचा तो विचारच करीत नाही. त्याच्या लेखी दोघेही छायाचित्राच्या आड येणारे अडथळे, आणि अडथळा युक्तीने दूर करायचा एवढेच. वस्तुतः या दोन हरकतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एक हरकत आपली अब्रू राखण्यासाठी घेतलेली असते, दुसरी आपला कारभार झाकण्यासाठी. पहिलीपुढे कॅमेरा खाली आला पाहिजे. दुसरीपुढे तो खाली येता कामा नये. सत्ताहीनाचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय घेऊ नये आणि सत्तेच्या कारभाराचे छायाचित्र घेण्यासाठी सत्तेची संमती मागत बसू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव महाराष्ट्राला नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे परिचित आहे. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टी होऊन या गावात पुराचे पाणी शिरले. पूर ओसरलेल्या अशा कोणत्याही गावात कॅमेरा घेऊन उतरणाऱ्यापुढे दोन प्रकारची दृश्ये असतात. उंबऱ्यात बसून भिजलेली ज्वारी निवडणारी बाई, चिखलात हरवलेले दप्तर शोधणारे पोर, हे एक. वाहून गेलेला पूल, बुजलेला नाला, पंचनाम्याची वही आणि मदतीच्या यादीचा कागद, हे दुसरे. पहिले दृश्य वर्तमानपत्राला हवे असते, पुढाऱ्याला हवे असते, मदत वाटणाऱ्या संस्थेला हवे असते. तेथे छायाचित्रकाराला कोणी अडवीत नाही. अडवलेच तर ती बाई स्वतः, तोंडावर पदर ओढून. कॅमेरा दुसऱ्या दृश्याकडे वळला की मात्र चार जण धावून येतात. ज्याला संरक्षण हवे त्याला ते मिळत नाही आणि ज्याचा त्यावर काही हक्क नाही त्याच्याभोवती कडे उभे राहते. हा उलटा न्याय सुलटा करणे हे या चर्चेचे खरे प्रयोजन आहे.

गरिबाच्या मनात कॅमेऱ्याविषयी असलेला संशय हा अडाणीपणा आहे, असे शिकलेल्या माणसाला वाटते. इतिहास वेगळे सांगतो. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज राजवटीने हिंदुस्थानातील जातीजमातींची छायाचित्रे जमवली आणि १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंडांत प्रसिद्ध केली. राज्य करायचे तर रयतेचे चेहरे ओळखता आले पाहिजेत, ही त्यामागची गरज होती. त्याच सुमारास, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांची हजेरी सुरू झाली. तो डाग कायद्याने पुसला जायला ३१ ऑगस्ट १९५२ हा दिवस उजाडावा लागला. पोलिसी मनातून तो अद्याप पुसलेला नाही. कैद्यांची छायाचित्रे व ठसे घेण्याचा १९२० चा कायदा २०२२ साली बदलला तो माणसाच्या बुबुळांपर्यंत हात पोहोचवण्यासाठी. ज्या घराण्याची आणि कॅमेऱ्याची पहिली गाठ पोलीस ठाण्यात पडली, त्या घराण्यातल्या माणसाने कॅमेरा पाहून पाठ फिरवली तर त्याला अडाणी कोणी म्हणावे?

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, कॅमेऱ्याचा रोख बदलला नाही. हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत मराठवाड्यासह राज्यभर ‘गुड मॉर्निंग पथके’ पहाटे हिंडली. ज्यांच्या घरी शौचालय नाही, असले तर त्यात पाणी नाही, अशांना टमरेलासह गाठून त्यांचे फोटो काढायचे, हा सुधारणेचा मार्ग ठरला. जून २०१७ मध्ये राजस्थानातील प्रतापगड येथे उघड्यावर बसलेल्या बायकांचे फोटो काढणाऱ्या नगरपालिकेच्या माणसांना एका डाव्या कार्यकर्त्याने अडवले. त्या झटापटीनंतर त्याचा मृत्यू झाला. मृत्यू मारहाणीने झाला असे कुटुंबीयांचे म्हणणे, हृदयविकाराने झाला असे पोलिसांचे. वैद्यकीय कारण काहीही असो, आयाबहिणींच्या अब्रूसाठी कॅमेऱ्यापुढे उभा राहिलेला माणूस जिवाला मुकला, हे नाकारता येत नाही. सार्वजनिक जागेत फोटो काढायला मनाई नाही, हे सूत्र त्या पहाटेच्या पथकांनाही तंतोतंत लागू पडते, हे छायाचित्रण-स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

रोजगार हमीचे उदाहरण तर आम्हांला अधिक सलते. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने कामाचा हक्क कायद्यात आणला आणि १९७७ चा तो कायदा देशाच्या २००५ च्या कायद्याचा पूर्वज ठरला. या हक्काच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची दिवसातून दोनदा मोबाइलवर छायाचित्रे घेऊन हजेरी लावण्याची सक्ती केंद्र सरकारने केली. नेटवर्क नाही म्हणून फोटो चढला नाही तर हजेरी नाही. हजेरी नाही तर मजुरी नाही. भ्रष्टाचाराला आळा घालण्याचे कारण पुढे करण्यात आले होते. परंतु जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून मान्य करावे लागले की, कामाशी संबंध नसलेले फोटो आणि फोटोंचेच फोटो चढवले जात आहेत. मजूर तोंड दाखवीत राहिला आणि चोरी करणारा चोरी करीत राहिला. मोजमाप पुस्तकाचा फोटो दिवसातून दोनदा घ्यावा, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

सरकारने ठेवलेली कसर दानशूरांनी भरून काढली. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली असताना पूरपाहणीच्या नावेतून तत्कालीन जलसंपदामंत्र्यांचे हसतमुख चित्रण बाहेर आले, आणि मदतीच्या धान्याच्या पिशव्यांवर नेत्यांची छायाचित्रे चिकटवलेली दिसली. २०२० च्या टाळेबंदीत दोन किलो तांदळासाठी हात पुढे करणाऱ्याभोवती पाच-पाच देणारे उभे राहून फोटो काढवून घेत होते. राजस्थान सरकारला त्या एप्रिलमध्ये अशा फोटोंवर बंदी घालावी लागली. आणि मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी काय घडते? हार घातलेल्या तसबिरीखाली त्याच्या विधवेला बसवून ‘‘ताई, जरा इकडे बघा’’ असे म्हणणारे किती येऊन गेले, हे तिला मोजता येत नाही. ती नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटले तर मिळणारी मदत जाईल, अशी तिला धास्ती असते. धास्तीपोटी दिलेल्या होकाराला संमती म्हणत नाहीत.

कायदाही आता या प्रश्नावर मुका राहिलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा एकमुखी निर्णय दिला. हा हक्क माणसाला जोडलेला आहे, जागेला जोडलेला नाही. माणूस चव्हाट्यावर आला म्हणून तो संपुष्टात येत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट केले. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण करणे २०१३ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरले. तेव्हा बसस्थानकावर एखादी मुलगी ‘‘माझा फोटो का काढला?’’ असा जाब विचारते तेव्हा ती कलेची वैरीण नसते. तिच्याशी कायद्याचा कीस काढीत बसणाऱ्या कलावंताला ना कायदा कळलेला असतो, ना माणूस.

यावर म्हटले जाईल की, दुःखाची छायाचित्रे निघाली नाहीत तर जगाला दुःख कळणार कसे? प्रश्न रास्त आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांनी घेतलेली छायाचित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रांतून छापून आली आणि साम्राज्य सरकार जे झाकू पाहत होते ते लोकांना दिसले. त्या कामाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु दुसरेही एक उदाहरण आहे. मार्च १९३६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी एका मातेचे छायाचित्र घेतले. ते जगभर गाजले. त्याच्या प्रसिद्धीमुळे तळावर अन्न पोहोचले, पण तोवर ते कुटुंब तेथून निघून गेले होते. लँग यांनी तिला नावही विचारले नव्हते. चाळीसहून अधिक वर्षांनी, १९७८ मध्ये, ती बाई पुढे आली, आणि हे छायाचित्र निघाले नसते तर बरे झाले असते, त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, असे तिने सांगितले. जगाला करुणा मिळाली, छायाचित्रकाराला कीर्ती मिळाली, आणि जिचा चेहरा होता ती चार दशके निनावी राहिली. भांडवलशाहीत श्रमाचे जे होते तेच येथे चेहऱ्याचे झाले. दुःखाचे चित्र जरूर काढावे. पण ज्याचे दुःख त्याला विचारून, त्याचे नाव जाणून, ते कोठे छापले जाणार हे त्याला सांगून. एवढा वेळ ज्याच्यापाशी नाही, त्याने वाहून गेलेल्या पुलाचा फोटो घ्यावा. पुलाला अब्रू नसते, आणि पुलाचा फोटो पुरावा म्हणून अधिक कामाचा असतो.

आता दुसऱ्या हरकतीकडे वळू. कुरुंद्याचा हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्या राजवटीत ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या फर्मानाने सरकारी परवानगीशिवाय सभा घेण्यास मज्जाव होता. लोकांनी एकत्र जमून काय बोलावे, हे सरकारला विचारून ठरवायचे! मराठवाड्यातला माणूस त्या परवानगीच्या राज्याविरुद्ध लढला, तुरुंगात गेला. आज त्याच मुलखात उखडलेल्या रस्त्याचा फोटो घेणाऱ्या तरुणाला गुत्तेदाराचा माणूस ‘‘परवानगी आहे का?’’ म्हणून दरडावतो. रेशन दुकानावरील फलकाचा फोटो घेणाऱ्याला दुकानदार हुसकून लावतो. तक्रार नोंदवून घेत नाहीत म्हणून ठाण्यात चित्रण करणाऱ्याचा मोबाइल काढून घेतला जातो. तेव्हा ते जुने फर्मान मेलेले नाही, त्याने केवळ वेश बदलला आहे, असे म्हणणे भाग पडते.

या दरडावण्याला कायद्याचा आधार कितपत आहे? १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम हा पोलिसांचा आवडता बागुलबुवा. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यातील चित्रणावरून या कायद्याखाली दाखल झालेला गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द केला आणि पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील ‘प्रतिबंधित ठिकाण’ नव्हे, असा निर्वाळा दिला. पाथर्डीच्या ठाण्यातील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणावरून लावलेला त्याच कायद्याखालील आरोप औरंगाबाद खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केला. डिसेंबर २०२० मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा व चित्रण शक्यतो अठरा महिने जपून ठेवण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे चित्रण पोलिसांवरच बंधनकारक केले. ज्या कारभाराचे चित्रण न्यायालयाला आणि संसदेला आवश्यक वाटते, तेच चित्रण नागरिकाने केले की तो गुन्हेगार कसा होतो?

सरकारी कामात अडथळा, हे दुसरे ठेवणीतले अस्त्र. भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ खालील शिक्षा महाराष्ट्राने २०१८ मध्ये दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती. आज त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ आहे. पण दोन्ही कलमांना हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. दहा पावलांवर उभे राहून फोटो काढणे हा हल्ला नव्हे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने तर नागरिकाला रीतसर अर्ज करून सरकारी कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचा हक्क दिला आहे. ज्याला डांबराचा नमुना मागता येतो त्याला त्या डांबराचा फोटो घेता येणार नाही, असे सांगणारा अधिकारी स्वतःचेच हसे करून घेतो.

दुबळ्याला एक न्याय आणि बलवंताला दुसरा, हे कोणत्या समानतेत बसते, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आम्ही माणसांत भेद करीत नाही, माणूस आणि खुर्ची यांत करतो. तलाठी सज्जात बसून फेरफार अडवतो, ते कृत्य जनतेच्या नजरेखाली आले पाहिजे. तोच तलाठी घरी गेल्यावर त्याच्या अंगणात डोकावण्याचा अधिकार कोणालाही नाही. मंत्र्याच्या दौऱ्याचा फोटो घ्यावा; त्याच्या आजारी आईचा घेऊ नये. फोटो काढून वर तोडपाणी करणारी जी जमात तालुक्यातालुक्याला उगवली आहे, तिचाही आम्ही तितकाच निषेध करतो. जो फोटो छापण्याऐवजी विकला जातो तो भ्रष्टाचाराचा पुरावा राहत नाही, त्यातला हिस्सा होतो.

या दोन हरकतींखेरीज तिसरी असते ती गर्दीची, आणि ती सर्वांत घातक. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून पोटासाठी भिक्षा मागत आलेले. मोबाइलवरून फिरलेल्या अफवांनी ती आग पेटवली होती, आणि त्या मारहाणीचे चित्रणही मोबाइलवरच झाले. परक्या माणसाला हटकण्याचा गावाचा हक्क आणि परक्या माणसाचा जगण्याचा हक्क यांत येथे झुंज लागते. शहरातून आलेला, नीटनेटक्या कपड्यातला छायाचित्रकार घेरला गेला तर ओळखपत्र दाखवून बहुधा सुटतो. पालावर राहणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून परगावी कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने आपल्या वागण्याने संशयाचे विष वाढू न देणे, ही त्याची केवळ स्वतःपुरती जबाबदारी राहत नाही.

मग वागावे कसे? चळवळीच्या कार्यकर्त्याने गावात शिरताच कॅमेरा काढू नये. आधी पारावर बसावे, आपले नाव, गाव आणि हेतू सांगावा. ही परवानगीची याचना नसून ओळखीची रीत आहे. कोणा बाईने, म्हाताऱ्याने, मजुराने नको म्हटले तर कारण विचारू नये, कायदा सांगू नये, घेतलेला फोटो त्यांच्यादेखत पुसून टाकावा. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. गर्दी तापली तर वाद न घालता गावातल्या जाणत्या माणसाला पुढे बोलवावे. पण अडवणारा गुत्तेदार, कर्मचारी किंवा पोलीस असेल, तर आवाज न चढवता, अंगाला हात न लावता, मागे न हटता त्याला विचारावे, ‘‘साहेब, कोणत्या कलमाखाली?’’ फोटो जागच्या जागी पुसायला लावण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला, हेही विचारावे. मोबाइल घेणार असाल तर जप्तीचा पंचनामा करा, त्याची प्रत द्या आणि कायद्याप्रमाणे त्या जप्तीचेही चित्रण करा, असा आग्रह धरावा. आणि असे काम एकट्याने न करता नेहमी दोघांनी करावे.

एकेका कार्यकर्त्याच्या धैर्यावर हा प्रश्न सोडून भागणार नाही. मदत वाटपाच्या, आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या आणि लाभार्थींच्या सक्तीच्या फोटोंवर राज्य सरकारने बंदी घालावी. प्रत्येक सार्वजनिक कामाच्या फलकावर रकमेच्या आणि गुत्तेदाराच्या नावाखाली आणखी एक ओळ असावी : हे काम जनतेच्या पैशाचे आहे, त्याची पाहणी व छायाचित्रण करण्यास मुभा आहे. उच्च न्यायालयाच्या निर्णयांचा सारांश प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भागात मराठीत लावावा. या तीन मागण्यांचे ठराव ग्रामसभांतून व्हावेत, आणि त्यांची सुरुवात कुरुंद्यासारख्या, पूर भोगलेल्या आणि पंचनामे पाहिलेल्या गावांतून व्हावी. तोवर आपापल्या गावी कॅमेरा उचलण्यापूर्वी प्रत्येकाने एक प्रश्न स्वतःला विचारावा : आपण ज्याच्याकडे रोखून पाहत आहोत, त्याला आपल्याला ‘नको’ म्हणण्याची ताकद आहे काय? नसेल, तर आधी विचारावे. असेल, तर निर्धास्तपणे फोटो काढावा.